समुद्रातील पूल आणि न दिसणारे शत्रू



उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला आजोळी जाऊन आलेल्या आठवीच्या एका मुलाने मला विचारले, "सर, आमच्या गच्चीवरची सळई दोन पावसाळ्यांत गंजते. मग वांद्रे-वरळी सागरी सेतू खाऱ्या पाण्यात टिकतो कसा?" आपल्या ग्वाल्हेरला समुद्र नाही, तरी या प्रश्नाचे उत्तर आपल्याही कामाचे आहे.

सिमेंटमधील चुन्यामुळे काँक्रीट अल्कधर्मी असते. नव्या काँक्रीटचा पीएच १२ च्या वर असतो. त्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर बनतो व हिंदीत ज्याला आपण 'जंग' म्हणतो तो लागत नाही. पण समुद्राच्या मिठातील क्लोराइड बारीक छिद्रांतून आत शिरते व हा थर मोडते. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटला आतून तडे जातात. पणजीचा मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता. आतल्या पोलादी तारा गंजणे हे त्याचे मुख्य कारण मानले जाते.

मिठाच्या जोडीला जिवाणूही असतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. चिखलात किंवा शेवाळ-शिंपल्यांच्या थराखाली, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे काही जिवाणू या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो याच वायूचा. जिथे हवा व ओल दोन्ही असतात, तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याच वायूचे गंधकाम्ल करतात. हे आम्ल चुन्याशी मिळून जिप्सम बनवते व काँक्रीट भुसभुशीत होते. मग मिठाची वाट आणखी सोपी होते.

उपाय काय? पहिला उपाय म्हणजे घट्ट, कमी छिद्रांचे काँक्रीट. त्यासाठी पाणी कमी वापरतात आणि सिमेंटमध्ये वीजघरातील राख किंवा पोलाद कारखान्यातील भट्टीची मळी मिसळतात. दुसरा, सळईवर काँक्रीटचे जाड आवरण. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ते किमान ७५ मिलिमीटर असावे, असे भारतीय मानक ४५६ (सन २०००) सांगते. तिसरा, पृष्ठभागावर इपॉक्सीसारखा लेप. आणि चौथा, वेळोवेळी तपासणी. बारीक तडा वेळीच भरला तर पूल वाचतो.

आता आपल्या शहराकडे वळू. हेच जिवाणू गटारांच्या काँक्रीट पाइपांतही राहतात. १९४५ साली ऑस्ट्रेलियात पार्कर या शास्त्रज्ञाने गटारांच्या काँक्रीटवरच त्यांचे काम दाखवून दिले. तिथला तोच वायू माणसाचा जीवही घेतो. जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते. म्हणून चेंडू मॅनहोलमध्ये पडला तर आत कधीही उतरू नका आणि दुसऱ्या कोणालाही उतरू देऊ नका. चेंडू नवा मिळतो, बाळांनो.