दोन शिपाई आणि एक पाटील

'शिपाई' हा मराठीतला शब्द मला नेहमी चकित करतो. शाळेत घंटा देणारा, वर्गावर्गांतून नोटीस फिरवणारा, मधल्या सुट्टीत फाटकाशी स्टूल टाकून बसणारा तो शिपाई. आणि अंगात खाकी, हातात काठी घेऊन बंदोबस्ताला उभा राहणारा, तोही शिपाईच. फारसीतल्या 'सिपाही'चे हे दोन नातू. एक शाळेत लागला, एक पोलिसात. दोघांना आपण एकाच नावाने हाक मारतो, पण सरकारच्या हिशेबात त्यांची खाती वेगळी, पगार वेगळा आणि तक्रार करण्याचा हक्कही वेगळा.

पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव मागे टाकलं की आळेफाट्याच्या अलीकडे पिंपळवंडी लागतं. जुन्नर तालुक्यातलं बागायती गाव. आसपास ऊस, कांदा, टोमॅटो, आणि उसात बिबटे. अशा गावातल्या शाळेचं रक्षण कोण करतं, असा साधा प्रश्न घेऊन मी बसलो. उत्तर शोधता शोधता टेक्सास, बॉस्टन आणि 1982 ची मुंबई फिरून यावं लागलं.

टेक्सासपासून सुरुवात करू, कारण तिथे आता बऱ्याच मराठी घरांतली मुलं शाळेत जातात. नव्याने तिकडे गेलेल्या आईबापांना शाळेच्या दारात कमरेला पिस्तूल लावलेला माणूस दिसतो आणि पोटात गोळा येतो. शेजारी समजावतात, तो आपल्या शाळेचाच आहे. अमेरिकेत शाळेत पोलीस नेमण्याची ही रीत 1950 च्या दशकात मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात सुरू झाली. चाळीसेक वर्षं ती आपल्या चालीने चालली. मग 1999 मध्ये कोलंबाईन शाळेत गोळीबार झाला आणि केंद्र सरकारने शाळेतल्या पोलिसांच्या पगारासाठी थैली मोकळी केली. पुढच्या पाच-सहा वर्षांत 75 कोटी डॉलरच्या आसपास अनुदान गेलं आणि साडेसहा हजारांच्या घरात पोलीस शाळांत उभे राहिले. 2022 च्या मे महिन्यात टेक्सासमधल्या युव्हाल्डी गावात 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. शेकडो पोलीस तिथे पोहोचले होते, तरी वर्गाचं दार उघडायला त्यांना तासाहून जास्त वेळ लागला. त्यावर टेक्सासने पुढच्याच वर्षी कायदा केला की प्रत्येक शाळेत एक सशस्त्र माणूस हवाच. त्यासाठी राज्याने शाळेमागे वर्षाला 15,000 डॉलर आणि मुलामागे 10 डॉलर मंजूर केले. एवढ्यात पूर्ण वेळ पोलीस येत नाही, अशी ओरड शाळांनी तेव्हाच केली. हा 15,000 चा आकडा लक्षात ठेवा, तो जुन्नरला पुन्हा भेटणार आहे.

तिथे या सगळ्यात पोलिसांच्या संघटना नुसत्या बघत बसत नाहीत. अमेरिकेतली सर्वांत मोठी पोलीस संघटना, फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस, 1915 साली पिट्सबर्गमध्ये निघाली. आज तिचे साडेतीन लाखांहून जास्त सभासद आहेत. ती निवडणुकीत पाठिंबा जाहीर करते, कायद्याच्या मसुद्यावर बोलते, पगाराचा करार करते. संघटित पोलिसांच्या शब्दाला केवढं वजन असतं, ते 2023 मध्ये मिनेसोटात दिसलं. शाळेत मुलाला पालथं पाडून धरायचं नाही, असा कायदा त्या राज्याने केला. पोलीस खात्यांनी आणि संघटनांनी म्हटलं, मग आम्हाला काम करता येणार नाही. शाळा उघडायच्या तोंडावर कितीतरी गावांनी आपले पोलीस शाळांतून काढून घेतले. पुढच्या मार्चमध्ये विधिमंडळाने तो कायदा बदलला. संप नाही, दगडफेक नाही. फक्त उद्यापासून येत नाही, एवढंच.

आता पिंपळवंडीला परत. इथे वर्दीतला पोलीस शाळेत केव्हा दिसतो? फेब्रुवारी-मार्चमध्ये. दहावी-बारावीचं केंद्र असलेल्या गावात त्या दिवसांत शाळेला छावणीची कळा येते. बैठं पथक आत, भरारी पथक रस्त्यावर, फाटकाशी एक पोलीस शिपाई, आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे चिठ्ठी फेकायला टपलेले दादा लोक. आपल्याकडे पोलीस शाळेत येतो तो मुलांना बंदुकीपासून वाचवायला नाही, परीक्षेला मुलांच्या भावांपासून वाचवायला! त्यासाठी खास कायदाही आहे, 1982 चा, परीक्षांतल्या गैरप्रकारांना आळा घालणारा. पेपर संपले की शिपाई ठाण्यात परत. शाळेने त्याच्यासाठी एक पैसा मोजलेला नसतो, आणि ठाण्याच्या डोक्यावर आसपासच्या गावांच्या जत्रा, अपघात, भावकीची भांडणं असतातच.

केंद्र सरकारने मधे एक सुंदर प्रयोग केला, तोही सांगायला हवा. केरळमध्ये 2010 साली विद्यार्थी पोलीस कॅडेट योजना सुरू झाली होती. 2018 च्या जुलैत ती देशभर जाहीर झाली. आठवी-नववीची मुलं, महिन्याला एखादा तास, ठाण्याची भेट, कायद्याची ओळख. शाळेमागे खर्च 50,000 रुपये. म्हणजे अमेरिका पोलिसाला शाळेत बसवते आणि आपण मुलालाच थोडा पोलीस करून पाहतो. कल्पना म्हणून मला ती फार आवडते, पण रात्री-अपरात्री शाळेचं कुलूप तुटलं तर कॅडेटचा काही उपयोग नाही.

मग वर्षभर कोण? इथे तिसरा माणूस येतो. त्याला वर्दी नाही, बंदूक नाही, बहुतेक वेळा तो शेतातच असतो आणि त्याचा फोन मात्र सतत वाजत असतो. गावचा पोलीस पाटील. उसात बिबट्याची पिल्लं सापडली की वनखात्याला पहिला फोन बहुधा त्याचा. विहिरीत प्रेत दिसलं की ठाण्याला खबर त्याची. 'तो' म्हणतो आहे खरा, पण कित्येक गावांत आता पोलीस पाटील बाई आहेत.

हे पद म्हणजे भूगर्भातल्या थरांसारखं आहे. वर आजचा थर, महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967. खाली इंग्रजी अमलातला 1867 चा कायदा, बरोबर शंभर वर्षं आधीचा. त्याच्याही खाली वतनदारी. 1962 मध्ये वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी गेली, आणि आता पोलीस पाटील व्हायला दहावीचं प्रमाणपत्र आणि लेखी परीक्षा लागते. नेमणूक करतात प्रांतसाहेब. पाटलाच्या पोरालाही आता पेपर लिहावा लागतो, हे जुन्या वाड्यांना पचायला जड गेलं असेल.

शाळेशी या माणसाचं नातं कागदावर आलं ते 10 मार्च 2022 ला. त्या दिवशीच्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री' समिती नेमायला सांगितली. तिच्यात शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, समुपदेशक, महिला डॉक्टर, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची महिला सदस्य, पालक, चार विद्यार्थी, मुख्याध्यापक आणि पोलीस पाटील. पोलीस ठाण्याचा शिपाई नाही, पाटील. सरकारने गावातल्या शाळेसाठी कायद्याचा माणूस निवडला तो असा, जो त्या मुलांना बापाच्या नावाने ओळखतो.

2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं बाहेर आलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी नवा शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही लावा, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, तक्रार पेटी ठेवा, सखी सावित्री समिती नेमली नसेल तर नेमा. बऱ्याच शाळांना दोन वर्षांपूर्वीचा आदेश त्या आठवड्यात आठवला.

आता पैशाकडे. पोलीस पाटलाला पगार नसतो, मानधन असतं. ते 3,000 रुपये होतं, 2019 मध्ये 6,500 झालं, आणि मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने ते महिना 15,000 केलं. 2023 च्या कायद्याने टेक्सासच्या एका शाळेला वर्षाला 15,000 डॉलर दिले, आपल्या एका पाटलाला महिन्याला 15,000 रुपये. आकड्यांची ही जोडी कुणी मुद्दाम जुळवलेली नाही, पण मला ती पाहून हसू आलं. राज्यात पोलीस पाटलांची मंजूर पदं 38,725. वाढ 8,500 ची. बारा महिन्यांनी गुणा, 394 कोटी 99 लाख 50 हजार रुपये येतात. पाटी घेऊन एकदा करून बघा.

ही वाढ आभाळातून पडली नाही. पोलीस पाटलांचा संघ आहे, 'महाराष्ट्र राज्य गावकामगार पोलीस पाटील संघ' नावाचा. निवेदनं, मोर्चे, अधिवेशनाच्या काळात नागपूर, एरवी आझाद मैदान, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. या नावातला 'कामगार' शब्द बघा. वतनदारीच्या काळी पाटीलकी भावकीत वाटलेली असे आणि पाळीने ज्याच्याकडे प्रत्यक्ष काम येई, त्याला 'कामगार पाटील' म्हणत. गिरणी कामगाराशी त्याचा काही संबंध नव्हता. पण शब्द आपलं नशीब शोधून काढतात. आज तो कामगार खरोखरच संघटना करून मानधन वाढवून घेतो.

आणि ज्याच्या अंगावर वर्दी आहे, त्या पोलीस शिपायाला हे करता येत नाही. हा भाग मला सर्वांत अद्भुत वाटतो. घटनेच्या कलम 19 ने प्रत्येक नागरिकाला संघटना करण्याचा हक्क दिला, आणि कलम 33 ने संसदेला सांगितलं की सैन्य आणि पोलीस यांच्यापुरता तो हक्क आवळता येईल. संसदेने 1966 मध्ये तो आवळला. सरकारच्या परवानगीशिवाय पोलिसाने कामगार संघटनेचं सभासद व्हायचं नाही, नाहीतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवानगी मिळालेली होती, एकदा. महाराष्ट्रात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना होती. 1982 मध्ये मुंबईत गिरणी संप पेटलेला होता, बंदोबस्ताने शिपाई पिळून निघाले होते, पगार आणि वसाहतींच्या तक्रारी साचल्या होत्या. 15 ऑगस्टला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. तीन दिवसांनी, 18 ऑगस्टला, बाबासाहेब भोसल्यांच्या सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली आणि नेत्यांना पहाटे उचललं. वरळी, नायगावच्या पोलीस वसाहती रस्त्यावर आल्या, लोकल थांबल्या, दुकानं लुटली गेली आणि शहरात लष्कर बोलवावं लागलं. बॉस्टनमध्ये 1919 च्या सप्टेंबरात अगदी असंच झालं होतं. संघटना केली म्हणून कारवाई, मग अकराशेच्या वर पोलिसांचा संप, लुटालूट, आणि बहुतेक सारे बडतर्फ. त्या धास्तीने अमेरिकेतल्या पोलीस संघटनाही कित्येक दशकं दबून राहिल्या. फरक एवढाच की त्या पुढे उठल्या. केरळातही पोलिसांची संघटना आज चालते. महाराष्ट्रात 1982 नंतर शांतता आहे.

शांतता म्हणजे मुकेपणा नव्हे, हेही खरं. पोलिसांच्या वतीने त्यांच्या बायका निवेदनं देतात. पोलिसांच्या मुलांच्या 'पोलीस बॉईज' नावाच्या संघटना निघाल्या आहेत. बापाला बोलता येत नाही, म्हणून पोरगा बोलतो! आणि 2016 मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळीचं वेळापत्रक स्वतः आखून थेट आयुक्त दत्ता पडसलगीकरांपुढे ठेवलं. त्यांनी ते त्याच ठाण्यात लावून पाहिलं, मग इतर ठाण्यांत नेलं. संघटनेने वर्षानुवर्षं भांडून मिळवावी अशी गोष्ट एका माणसाने कागद-पेन्सिलीवर मिळवली. असा आयुक्त दर वेळी भेटेल असं मात्र नाही.

राहिला शाळेतला शिपाई. त्याची गोष्ट थोडक्यात संपते, कारण सरकारनेच ती संपवत आणली आहे. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत हे पद नसतंच, घंटा एखादा चौथीतला मुलगा मोठ्या ऐटीत देतो. खासगी अनुदानित शाळांत ते होतं. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने ठरलं की जुना शिपाई निवृत्त झाला की पद जाईल आणि शाळेला 'शिपाई भत्ता' मिळेल. मुंबई-पुण्यात महिना 10,000 रुपये, इतर शहरांत 7,500 आणि ग्रामीण भागात 5,000. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी विरोध केला, पण निर्णय झाला. म्हणजे पिंपळवंडीसारख्या गावात फाटकावर दिवसभर बसणाऱ्या माणसाची किंमत महिना 5,000. कोणतं पोर रोज उशिरा येतं, कोण घरी जायला घाबरतं, कुणाला न्यायला आज नेहमीचा काका न येता कुणी दुसराच आला आहे, हे सीसीटीव्हीच्या आधी त्याला कळतं. भत्त्यावर आलेला माणूस वर्ष-दोन वर्षांत बदलतो, आणि मग ते कळायला त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

शाळेतली तक्रार पेटी आठवड्याच्या शेवटच्या दिवशी उघडायची, असा 2017 पासूनचा आदेश आहे. कुणासमक्ष, तेही त्यात लिहिलं आहे. मुख्याध्यापक, पोलिसांचा प्रतिनिधी, पालक-शिक्षक समितीचा प्रतिनिधी आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी. सखी सावित्रीची यादी आणि ही यादी मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. शाळेचा शिपाई दोन्हींत नाही. पेटी भिंतीला ठोकायला मात्र बहुधा त्यालाच बोलावलं असेल.