मला पण करू दे!

दीड-दोन वर्षांचं मूल घरात असलं की कुठलंच काम एकट्याने उरकत नाही. केर काढायला घ्यावा तर ते केरसुणी ओढतं, कणीक मळायला बसावं तर परातीत हात घालतं, भाजी निवडायला घ्यावी तर निवडलेली आणि न निवडलेली एक करून टाकतं. मग आपण वैतागून त्याच्या हातात खेळणं नाहीतर मोबाइल देतो आणि बाजूला बसवतो. पण बालविकासाच्या अभ्यासकांनी या लुडबुडीकडे बारकाईने पाहिलं, तेव्हा त्यांना तिच्यात खोडी थोडी आणि शिकण्याची धडपड मोठी दिसली. ही धडपड ओळखून तिच्यावर बालशिक्षण उभं करण्याचा एक मोलाचा प्रयोग आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात झाला. आज घरोघरच्या आईबाबांना त्याचा उपयोग आहे.

पडलेला चिमटा

फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडतो. तो वाकून हात लांबवतो, पण चिमटा हाताला लागत नाही. जवळच अठरा महिन्यांचं मूल आहे. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही. तरी मूल दुडूदुडू जातं, चिमटा उचलतं आणि त्या माणसाच्या हातात देतं. अशा निरनिराळ्या प्रसंगांत २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. त्याच माणसाने चिमटा मुद्दाम फेकला, तेव्हा मात्र मुलं सहसा जागची हलली नाहीत. म्हणजे समोरच्याला काय हवंय आणि तो कुठे अडलाय, हे ज्याला अजून नीट बोलताही येत नाही त्या मुलाला कळत होतं.

दोन वर्षांनी याच दोघांनी पुढचा प्रश्न विचारला. मदतीबद्दल बक्षीस दिलं तर? वीस महिन्यांच्या काही मुलांना मदत केल्यावर खेळण्यासाठी वस्तू दिली, काहींचं नुसतं कौतुक केलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढच्या फेरीत वस्तू मिळालेली मुलंच कमी मदत करू लागली. कामात सामील होण्याचा आनंद मुलांना पुरेसा होता. बक्षीस आलं आणि तो आटला.

हे वय असतंही शिकण्याचंच. जन्माच्या वेळी मेंदूचं आकारमान प्रौढ मेंदूच्या सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढं असतं. सहाव्या वर्षापर्यंत ते सुमारे ९० टक्क्यांवर पोचतं. या काळात मेंदूतल्या पेशींमध्ये जोडण्या झपाट्याने तयार होतात. ज्या वापरात राहतात त्या पक्क्या होतात, ज्या वापरल्या जात नाहीत त्या गळतात. त्यासाठी पोटात पुरेसं अन्न लागतं, बोलणारं माणूस लागतं आणि हाताला काहीतरी करायला लागतं.

मोहाच्या झाडाखाली

हाताला काम म्हणजे काय, हे पाहायचं तर मार्च-एप्रिलमध्ये डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पहाटे जावं. मोहाची फुलं रात्रभर टपटप गळत असतात. उजाडायच्या सुमाराला बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वेचायला येतात आणि लहानगी मुलं त्यांच्यामागे असतात. मूल उकिडवं बसतं, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एक रसाळ फूल उचलतं आणि टोपलीत टाकतं. फूल जोरात दाबलं तर चिरडतं, सैल धरलं तर निसटतं. हा दाब मुलाला कोणी शिकवत नाही, फूलच शिकवतं. पुढे पेन्सिल धरायला लागणारं बोटांचं बळ असंच येतं. ताजं फूल कुठलं आणि सुकलेलं कुठलं, आईची टोपली जास्त भरली की आपली, ही तुलना सोबत चालूच असते. शिवाय पानं, झाडं, मुंग्या यांच्याविषयी घरच्या बोलीतलं बोलणं कानावर पडत असतं.

बार्बरा रोगॉफ, जयंती मिस्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये चार देशांतल्या लहान मुलांचा तौलनिक अभ्यास मांडला. त्यात ग्वाटेमालातलं एक माया गाव होतं आणि भारतातलं ढोल-की-पट्टी हे आदिवासी गावही होतं. या दोन ठिकाणची मुलं आजूबाजूला चाललेल्या दोन-तीन गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवत. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय मुलांचं लक्ष बहुधा एका वेळी एकाच गोष्टीकडे असे. तिथे मोठी माणसं मुलासाठी वेगळा ‘धडा’ घेत, तर या गावांमध्ये मुलं मोठ्यांच्या कामात वावरत आणि पाहून शिकत. वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबांत मुलं अशीच वाढत आली आहेत. त्यांना ‘मागासलेली, लक्ष न देणारी’ म्हणणाऱ्यांनी ती कशाकडे लक्ष देतात, हे पाहिलेलंच नसतं.

कोसबाडची टेकडी

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते पाहिलं, आणि डहाणूतला तो प्रयोग त्यांचाच. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाईंच्या हाताशी माँटेसोरींची पद्धत होती. पण तिची साधनं महाग आणि शाळा शहरातल्या. १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बालवाडीत मुलं येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणवाडी जन्मली ती अशी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि हेच नाव देशभर गेलं.

केंद्र नंतर डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथे विकतच्या साधनांची जागा शिंपले, बिया, पानं, खडे, माती आणि बांबू यांनी घेतली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणावर गेले, तीच कुरणशाळा. पण कामात रमणारं मूल आणि कामाला जुंपलेलं मूल यांतला फरकही इथे ओळखला गेला. सात-आठ वर्षांची मुलगी दिवसभर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरते, तेव्हा तिची शाळा बुडते आणि धाकट्याची आबाळ होते. तिला रागावून शाळेत आणण्याऐवजी कोसबाडने पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. या एकत्र शाळेचं नाव विकासवाडी. ताई वर्गात, भाऊ पलीकडे पाळणाघरात, आणि दोघांचीही एकमेकांवर नजर.

घरात काय करावं?

यातून आईबाबांनी घ्यायचं ते सोपं आहे. मुलाला रोज घरच्या खऱ्या कामातला छोटासा, सुरक्षित वाटा द्यावा. दीड वर्षाचं मूल वाटी आणून देतं, कपडे टोपलीत टाकतं. अडीच-तीन वर्षांचं मटार सोलतं, कोथिंबीर निवडतं, सांडलेलं पाणी पुसतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला घरातली माणसं मोजून ताटं मांडता येतात, आणि ‘एकाला एक’ हा गणिताचा पाया तिथेच पडतो. चूल, विळी, उकळतं पाणी लांब ठेवावं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला चिंचोके, वाटाणे अशा नाकातोंडात अडकणाऱ्या वस्तू देऊन उठून जाऊ नये. काम करताना बोलत राहावं, मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यावं. वेळ दुप्पट लागेल, काम वाकडंतिकडं होईल. ते त्याच्यासमोर पुन्हा नीट करू नये, आणि चॉकलेटचं आमिषही दाखवू नये.

अंगणवाडीतल्या ताईंनाही हे जमण्यासारखं आहे. हाताची घडी घालून बसवण्यापेक्षा मुलांनी खिचडीच्या ताटल्या वाटल्या, नाचणी आणि तांदूळ वेगळे केले, पाड्यावरच्या बोलीत ताईंशी गप्पा मारल्या, तर तिथेच भाषा आणि गणित दोन्ही होतात.

एक मोठं काम मात्र बाकी आहे. दिवाळीनंतर डहाणू-तलासरीतली किती तरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. तिथे पहाटेपासून राबणाऱ्या आईजवळ मूल असतं, पण धूर, धूळ आणि तापलेल्या विटांमध्ये त्याला देता येईल असा कुठलाच वाटा नसतो. मूल येत नसेल तर बालवाडी मुलाकडे न्यायची, हा बोर्डीचा धडा तिथे शब्दशः लागू पडतो. भट्टीशेजारी एक सावलीची जागा, पोटभर खाणं, मुलांची बोली जाणणारी एक ताई आणि मुलांच्या हाताला पेलेल असं काम, एवढं उभं करणं सरकारला, भट्टीमालकांना आणि आपल्याला अवघड नाही.