पहिल्या पुस्तकाचं नाव: गिऱ्हाईक दुकानात कसं मागेल ते बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत जे घाईघाईत सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहितोय.

तुमच्यापैकी बरेच जण क्लास किंवा वर्कशॉप घेता आणि आता स्वतःच्या अनुभवावर पुस्तक काढायचं म्हणताय. उत्तम. पण नामवंत लेखकाचं पुस्तक लोक लेखकाच्या नावावर घेतात. आपलं पहिलं पुस्तक विकणार ते पुस्तकाच्याच नावावर. पाचशे प्रती छापून माळ्यावर पडल्या, तर अडकलेले पैसे आपले असतात.

नावात किती ताकद असते, बघा. अमेरिकेत कॅन्सासमधल्या गिरार्ड गावात हाल्डमन-ज्युलियस नावाचा प्रकाशक होता. १९२० च्या दशकात तो पाच-पाच सेंटला छोटी पुस्तकं पोस्टाने विकायचा. जाहिरातीत मुख्यतः नावांची यादी. ना चित्र, ना परीक्षण. शोपेनहॉवरचं ‘वादविवादाची कला’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक काही खपेना. त्याने नाव बदलून ‘तर्कशुद्ध वाद कसा घालावा’ असं केलं आणि तेच पुस्तक हजारोंनी गेलं. आतला मजकूर तोच! ‘कसं करावं’ हे शब्द खपतात, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवलंय.

आता आपलं उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही किराणा दुकानदारांना उधारी वसुली शिकवता. ‘यशाची नवी पहाट’ हे नाव ऐकायला छान, पण ते योगासनांच्या पुस्तकालाही चालेल आणि स्पर्धा परीक्षेच्याही. त्यापेक्षा ‘उधारी वसूल करा, गिऱ्हाईक टिकवा’ कसं वाटतं? दुकानदाराला पैसे मागायची लाज वाटते असं आपण समजतो. खरी भीती वेगळी असते: मागितले की हा उद्यापासून समोरच्या दुकानात जाईल. नावाचा दुसरा अर्धा भाग नेमका त्या भीतीवर बोट ठेवतो. “पण सर, बाकीचे वाचक जातील ना?” जाऊ द्या. तुमचे वाचक ते नव्हतेच.

मात्र ‘तीस दिवसांत करोडपती’ छाप नाव नको. तो शब्द पाळता आला नाही, तर पुस्तकासोबत तुमचा क्लासही बदनाम होतो.

नाव तोंडात बसतं का, तेही तपासा. विक्रेत्याला फोनवर एकदाच सांगा, त्याला परत विचारावं लागलं तर नाव जड आहे. मोबाइलवर बरेच जण मराठी नावं इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. ‘उद्योजकत्वाचं’ हा शब्द किती प्रकारे टाइप होईल, तुम्हीच करून बघा!

घरच्यांना “आवडलं का?” विचारू नका, ते छानच म्हणणार. टिम फेरिसने ‘फोर अवर वर्कवीक’ या २००७ च्या पुस्तकाचं नाव गूगलवर वेगवेगळ्या जाहिराती लावून, कशावर जास्त क्लिक येतात ते बघून ठरवलं. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर दोन नावं दोन वेगळ्या ग्रुपवर टाकू शकतो. विचारायचं एकच: “या पुस्तकात काय असेल?” आणि दोन दिवसांनी कुणाला नाव आठवतंय, ते बघायचं.

कायद्याचं थोडक्यात. नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘देसी बॉइज’ चित्रपटाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. म्हणून कुणाचंही नाव उचलू नका. ट्रेडमार्क ही वेगळी गोष्ट आहे, आणि गाजलेल्या पुस्तकासारखं नाव घेतलं तर सर्चमध्ये ते वर, तुम्ही खाली.

हे सगळं आयएसबीएनचा अर्ज भरायच्या आधी उरका. भारतात तो नंबर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, पण पुस्तकाचं नाव बदललं की नंबरही नवा घ्यावा लागतो. कव्हर तर पुन्हा छापावंच लागेल, आणि ते काही मोफत नाही.