पेढीवर ताटकळणारा ग्राहक

घाऊक धान्याचा धंदा वरकरणी मालाचा दिसला, तरी आडत्याचे खरे काम सेवेचे आहे. शेतकऱ्याचा माल उतरवून घेणे, लिलाव करविणे, तोल करणे, पट्टी लिहिणे व रोकड हाती देणे, या पाच पायऱ्यांचे काम आपण करतो आणि त्याचीच आडत घेतो. यांतील प्रत्येक पायरीपुढे माणसाला थांबावे लागते. बेळगावसारख्या पेठेतून ज्याला खेड्याकडची शेवटची गाडी गाठावयाची आहे, त्याला हे थांबणे फार जड जाते. असा ग्राहक सहसा भांडत नाही. पुढच्या खेपेस तो दुसऱ्या पेढीची पायरी चढतो. म्हणून पेढीवरील बैठकीच्या व्यवस्थेविषयी चार शब्द सभासद बंधूंपुढे ठेवीत आहोत.

प्रथम जागेचा विचार करू. बैठक किती माणसांची असावी, हे अंदाजाने ठरविण्याचे कारण नाही. जॉन लिटल या अमेरिकन पंडिताने १९६१ साली सिद्ध केलेला एक सोपा नियम आहे. ताशी येणाऱ्या माणसांच्या संख्येस प्रत्येकाच्या थांबण्याच्या तासांनी गुणिले, की एका वेळी हजर असणाऱ्यांची सरासरी संख्या मिळते. ताशी ८ असामी येत असतील व प्रत्येक जण दीड तास थांबत असेल, तर सरासरी १२ माणसे पेढीवर असणारच. बाजाराच्या दिवशी लोक घोळक्याने येतात, म्हणून १६ जणांची सोय हवी. ही सोय पोत्यांच्या थप्पीखाली नसावी, कारण थप्पी कोसळण्याचे भय असते. गादीवर मांडी घालणे वृद्धांस जमत नाही. त्यांच्याकरिता पाठीची बाके असावीत. मिरची व भुसार मालाच्या धुळीपासून दूर, हवेशीर जागा, पिण्याचे स्वच्छ पाणी आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, एवढे तरी असलेच पाहिजे.

दुसरा विचार रांगेचा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील अर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली रांगेच्या शास्त्राचा पाया घातला. त्यातील एक निष्कर्ष व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. समजा, एका ग्राहकाच्या तोलास सरासरी ५ मिनिटे लागतात, आणि ग्राहकांचे येणे व तोलाचा वेळ दोन्ही अनियमित आहेत. काटा निम्मा वेळ गुंतलेला असेल, तर काट्यापुढे सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. तोच काटा शेकडा ९० वेळ गुंतला, तर ४५ मिनिटे! काम दुपटीहून कमी वाढले, प्रतीक्षा मात्र नऊपट झाली. काटा क्षणभरही रिकामा नसावा, या हिशेबात आपण ग्राहकाचा वेळ धरीत नाही. गर्दीच्या दोन-तीन तासांपुरता दुसरा काटा व मापाडी ठेविल्यास हा भार झपाट्याने उतरतो.

तिसरा विचार मनाचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात दाखविले आहे, की किती वेळ लागेल हे ठाऊक नसले, विलंबाचे कारण कळले नाही, किंवा मागून आलेला पुढे गेला, म्हणजे तेवढाच वेळ अधिक लांब वाटतो. आपल्या धंद्यात याहून मोठा धोका आहे. माल नजरेआड तोलला जात असेल आणि मालक कोपऱ्यात बसून असेल, तर त्याच्या मनात वजनाविषयी शंका उत्पन्न होते. तोल चोख असूनही शंका राहिली, तर पेढीचे नाव जाते.

यास्तव उपाय साधे आहेत. येताच प्रत्येकास क्रमांकाची चिठ्ठी द्यावी व तो क्रम ओळखीपाळखीसाठी मोडू नये. चालू क्रमांक व त्या दिवसाचे भाव फळ्यावर लिहावेत. काट्याचा आकडा बाकावरून वाचता येईल, अशी मांडणी करावी. सगळ्या पट्ट्या संध्याकाळी एकदम लिहिण्याची प्रथा सोडून, तोल होताच दिवाणजींनी पट्टी पुरी करावी. हमाल कमी असल्याने उशीर होणार असेल, तर ते आपण होऊन सांगावे.

या गोष्टींपैकी बहुतेकींस खर्च जवळजवळ नाही. बैठकीवर उत्तम गालिचा घातला, पण माणसाला त्याची पाळी कळली नाही, तर तो गालिचा व्यर्थ होय. ग्राहकाजवळ माल व पैसा यांखेरीज तिसरी वस्तू असते, ती म्हणजे त्याचा दिवस. तोही आपण चोख तोलून परत केला पाहिजे.