साथीच्या काळातील समाजमन : इस्लामपूरचा अनुभव

मार्च २०२० च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे नाव एकाएकी राज्यभर चर्चिले गेले. सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना करोनाची लागण झाल्याचे २३ मार्च रोजी निष्पन्न झाले आणि आठवडाभरातच बाधितांची संख्या वीसच्या पुढे गेली. बहुतेक सर्वजण त्याच कुटुंबातील वा त्याच्या निकट सहवासातील होते. सहवासितांचा शोध घेऊन त्यांना वेगळे ठेवण्यात आले, मिरजेत उपचार झाले आणि एप्रिलमध्ये बहुतेक रुग्ण बरे झाले.

वैद्यकीय नोंद एवढीच. समाजशास्त्राच्या अभ्यासकापुढे मात्र निराळे प्रश्न उभे राहतात. एका चुलीवर जेवणाऱ्या एकत्र कुटुंबात विलगीकरण कसे साधावे? ज्या घराचे नाव सर्वतोमुखी झाले, त्याच्याशी शेजारपाजारचे कसे वागतात? आणि ते वागणे पाहून दुसऱ्या घरातील तापाचा रुग्ण आपण होऊन दवाखान्यात येतो, की दुखणे लपवितो?

यांतील शेवटचा प्रश्न कळीचा होय. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या सैनिकांनी घरझडत्या घेतल्या, तेव्हा अब्रूच्या धास्तीने लोक रोगी दडवू लागले. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात कलंकाची मीमांसा केली आहे. एखादी खूण माणसाच्या इतर सर्व ओळखी झाकून टाकते, ती ही प्रक्रिया. फेब्रुवारी २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व रेडक्रॉस यांनी, रोगाला कोणत्याही देशाचे वा समाजाचे नाव जोडू नये, असे मार्गदर्शन केले होते.

शब्दही विचारपूर्वक योजावे लागतात. आरंभी रूढ झालेल्या ‘सामाजिक अंतर’ या प्रयोगाऐवजी ‘शारीरिक अंतर’ म्हणावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये सुचविले. जेथे पाणवठ्यावरील सामाजिक अंतर पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले, त्या महाराष्ट्रात तरी हा केवळ शब्दच्छल नव्हे. गावच्या फलकावर कोणती गल्ली किती दिवस बंद आणि तेथे दूध-धान्य कोण पोचविणार, हे लिहावे. रुग्णाचे नाव लिहिण्याचे कारण नाही.

त्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून परतलेल्यांना अनेक गावी जिल्हा परिषदेच्या शाळांतच ठेवण्यात आले, आणि घरोघरच्या पाहणीसाठी शिक्षकांनाही जावे लागले. कोणत्या घराने दार उघडले आणि कोणी आतूनच उत्तर दिले, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. अभ्यासकाने प्रथम त्यांच्याकडेच जावे.