विंचवाचा दंश, घोड्याचे रक्त आणि रुग्णाचे उत्तर



मागील वार्षिक सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी उभे राहून विचारले होते, "आमच्या देणगीतून मुक्या जनावरांवर प्रयोग तर होत नाहीत ना?" त्यानंतर थोड्याच दिवसांत बाह्यरुग्ण विभागात एका वृद्ध मातोश्रींनी माहितीचा तक्ता भरून देण्यास नकार दिला. "अंगठा दिला म्हंजे काय व्हतंय, ते आदी सांगा," असे त्या म्हणाल्या. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आपल्या रुग्णालयात प्राण्यांवर कोणतेही प्रयोग होत नाहीत, हे प्रथमच नमूद करतो. मात्र अशा प्रयोगांतून सिद्ध झालेली औषधे आपण रोज वापरतो, हेही तितकेच खरे आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वैद्यक माझा विषय नव्हे. तरीही ज्या औषधांची बिले मी मंजूर करतो त्यांची जमाखर्चाची दुसरी बाजू वाचकांपुढे ठेवणे हे माझे कर्तव्य समजतो. त्यासाठी आपल्या परिसरातील सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेतो, ते विंचूदंशाचे.

वाडी रत्नागिरीचा डोंगर काळ्या दगडाचा. शेताच्या ताली, दगडी गडगे, गोठ्यातील गोवऱ्यांचे ढीग ही विंचवाची हक्काची घरे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला लाखो भाविक येतात, त्यांतील कित्येक अनवाणी चालतात आणि उघड्यावर मुक्काम करतात. मोठ्या काळ्या विंचवाला आपण अधिक भितो. प्रत्यक्षात जीवघेणा ठरतो तो आकाराने लहान असलेला लाल विंचू.

या लाल विंचवाच्या दंशावरील उपचारांचा पाया आपल्याच महाराष्ट्रातील एका खेड्यात घातला गेला. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसे व मुले काही तासांत फुफ्फुसांत पाणी होऊन दगावत असल्याचे त्यांनी पाहिले. त्या काळी उपाय म्हणून फारसे काही हाती नव्हते. डॉक्टर रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. दंश केव्हा झाला, ओकारी झाली का, घाम किती आला, हातपाय गार पडले का, नाडी व रक्तदाब कसा बदलला, हे ते विचारीत, तपासीत आणि लिहून ठेवीत. या नोंदींतून धोक्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे त्यांनी निश्चित केली. १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने ती प्रसिद्ध केली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा विंचूदंशात होणारा उपयोग त्यांनी दाखवून दिला व १९८६ साली तोही 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी पश्चिम भारतात विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत असत. प्राझोसिनच्या वापरानंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली शासनाने डॉक्टरांना पद्मश्री देऊन गौरविले.

आता प्राण्यांचा वाटा पाहू. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमची द्वारे उघडी ठेवते. त्यामुळे ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये शरीरात एकाएकी उसळतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर असह्य ताण येतो. हा क्रम रुग्णाच्या खाटेशी बसून दिसत नाही. देशोदेशीच्या प्रयोगशाळांत कुत्रे व ससे यांना विष देऊन तो टप्प्याटप्प्याने समजून घेण्यात आला. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन येथे का लागू पडते, याचा उलगडाही या ज्ञानामुळे झाला. प्राझोसिन हे औषधसुद्धा इतर आधुनिक औषधांप्रमाणे माणसाला देण्यापूर्वी प्राण्यांना देऊन पारखले गेले होते.

याहून थेट ऋण घोड्याचे आहे. विंचवाचे विष अत्यल्प मात्रेत, हळूहळू वाढवीत घोड्याला टोचले जाते. घोड्याच्या रक्तात त्या विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात. मग ठरावीक प्रमाणात रक्त काढून त्यापासून प्रतिविष बनवितात. मुंबईच्या हाफकिन संस्थेची या क्षेत्रातील परंपरा आपणांस ठाऊकच आहे. असे प्रतिविष प्राझोसिनच्या जोडीला दिल्यास काय होते, याची पाहणी डॉ. बावस्कर दांपत्याने महाड येथे ७० रुग्णांवर केली. २०११ साली ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांच्या आत बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ जणांत ही संख्या ८ होती. श्री जोतिबाचे वाहन अश्व. त्याच अश्वाच्या रक्ताने डोंगरावरच्या भाविकाचा प्राण वाचावा, यापुढे मी अधिक काय लिहावे?

तथापि उपकार मानले म्हणजे हिशेब संपला असे नाही. प्राण्यांना वेदना होतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे व १९९८ पासून त्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. शक्य तेथे प्राण्याऐवजी अन्य पद्धती वापरावी, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी आणि त्यांचा त्रास सौम्य करावा, ही १९५९ साली दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मांडलेली त्रिसूत्री आज जगभर मान्य आहे. २०२३ साली आपल्या देशाच्या नियमांत दुरुस्ती होऊन, नव्या औषधांच्या चाचणीसाठी पेशी व संगणक यांवर आधारित पद्धतींनाही वाव देण्यात आला. सभेत प्रश्न विचारणाऱ्या देणगीदारांची कळकळ कायद्यालाही मान्य आहे, असा याचा अर्थ.

परंतु प्राणी कितीही उपयोगी पडला तरी त्याला काय होते हे तो सांगू शकत नाही. ते रुग्णच सांगू शकतो, आणि तेही योग्य प्रश्न विचारला तरच. याबाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक येथे प्रांजळपणे नमूद करतो. काही वर्षांपूर्वी नोंदणी कक्षासाठी मी एक तक्ता तयार केला. त्यात 'वेदनेची तीव्रता शून्य ते दहा' एवढाच रकाना होता. एका संध्याकाळी विंचू चावलेला एक शेतमजूर आला. दुखणे किती, असे विचारता त्याने 'दोन' सांगितले. तक्त्याप्रमाणे त्याला बाकावर बसविण्यात आले. आमच्या एका ज्येष्ठ परिचारिका जवळून जात असता त्यांनी पाहिले की त्याचा सदरा घामाने निथळतो आहे. त्यांनी हात धरला तर तो बर्फासारखा गार. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो, ह्यांना ओकारी झाली का ते कुणी विचारलं का?" दोन वेळा झाली होती. उपचार तातडीने सुरू झाले व तो गृहस्थ चौथ्या दिवशी पायी घरी गेला.

लाल विंचवाच्या गंभीर दंशात जागेवरची वेदना अनेकदा कमीच असते, हे तेव्हा मला माहीत नव्हते. माझा रकाना चुकला नव्हता, तो अपुरा होता. त्यानंतर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने तक्ता बदलला. आता दंशाची वेळ, ओकारी, घाम व गार हातपाय यांची विचारणा प्रथम होते. भाषाही बदलली. 'वेदना' हा शब्द कागदावर शोभतो, पण आमचा रुग्ण ठणकते, सलते, चमक मारते, कळ येते, आग होते असे सांगतो. यातील प्रत्येक शब्द डॉक्टरांना निराळी दिशा दाखवितो.

त्या मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. उपचारासाठी विचारलेली माहिती आणि संशोधनासाठी विचारलेली माहिती या दोन भिन्न गोष्टी आहेत. संशोधनासाठी कोणी प्रश्न विचारणार असेल तर त्याचा हेतू तुमच्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे, तुमचे नाव गुप्त राहिले पाहिजे आणि नकार दिल्यास अथवा मध्येच माघार घेतल्यास तुमच्या उपचारात तिळमात्र फरक पडता कामा नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट केलेले आहे. समजल्याशिवाय अंगठा देऊ नये, हेच योग्य.

मात्र उत्तर द्यायचे ठरविल्यावर ते खरे द्यावे, ही विनंती. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून 'बरं हाय' म्हणू नये. आणि विंचू चावल्यास दुखत नाही म्हणून घरी थांबू नये, मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये. पहिले काही तास मोलाचे असतात.

मुक्या जनावराने आपला वाटा दिला आहे. बोलता येणाऱ्या आपण आपला द्यावा, आणि विचारणाऱ्या आम्ही नीट विचारावे, एवढीच प्रार्थना. 

जोतिबाच्या नावानं चांगभलं!

— प्रशासकीय अधिकारी