२४० जीएसएमचा एक दिवस

सकाळी ८:३०
इचलकरंजीत टेक्स्टाइल शिकले आणि नोकरीला तिरुपूरला आले. होजिअरीच्या कापडाची गुणवत्ता तपासणं हे माझं काम. गोदामात काळ्या सिंगल जर्सीचे रोल रचून ठेवलेत. ऑर्डर आहे ओव्हरसाइझ्ड टी-शर्टची. मागणी २४० जीएसएमची, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन २४० ग्रॅम हवं. नेहमीच्या टी-शर्टला १६० ते १८० चालतं. खांदा दंडावर उतरलेला, घेर मोठा असा शर्ट मात्र हलक्या कापडात अंगाला चिकटून लोळागोळा होतो.

आलेले रोल आधी उघडून टेबलावर सैल सोडायचे. गुंडाळताना कापड ताणलं जातं आणि तो ताण उतरायला साधारण २४ तास लागतात. ताणातच कापलं, तर शर्ट पहिल्याच धुण्यात आखूड होतो. त्यामुळे आज कटिंगला कालचे रोल जातील. त्यात दोन लॉट आहेत.

९:३०
गोल कटरने कापडाच्या चकत्या काढते. प्रत्येक चकती १०० चौरस सेंटिमीटरची. तिचं वजन २.४ ग्रॅम भरलं, तर शंभराने गुणून २४० जीएसएम. काठ सोडून, पन्ह्यात वेगवेगळ्या जागी चकत्या काढायच्या, कारण एकाच रोलमध्येही फरक असतो. कापूस हवेतली ओल ओढून घेतो. म्हणून चकत्या आधी प्रयोगशाळेत ६५ टक्के आर्द्रतेत ठेवायच्या आणि मगच काट्यावर घ्यायच्या.

आज दोन्ही लॉट २४०च्या आसपास भरले. कटिंग मास्तर दारातच उभे होते.
"मॅडम, कापू का?"
"वजन बरोबर आहे, अण्णा. पण अजून थांबा."

१०:३०
थांबायचं कारण हे, की २४० दोन वाटांनी गाठता येतं. जाड सूत घेऊन सैल विणा, किंवा थोडं बारीक सूत घेऊन घट्ट विणा. काट्याला दोन्ही सारखेच. वापरात मात्र सैल विणीतले लूप सरकतात, खांद्याला झोळ येतो, खालची कड लोंबते. ओव्हरसाइझ्ड शर्टात सगळं वजन गळा आणि खांद्यावरून लटकतं, त्यामुळे हा दोष तिथे लवकर उघडा पडतो.

तपासणी सोपी आहे. कापडावर १०० लूपची खूण करायची, तेवढं सूत उसवायचं, सरळ करून मोजायचं. ते ३० सेंटिमीटर भरलं, तर एक लूप ३ मिलिमीटरचं. पहिला लॉट ठरल्याप्रमाणे आहे. दुसऱ्यात लूप लांब निघालं.

११:३०
चहा घेऊन निटिंगला जाते. ३० इंच व्यासाच्या, २० गेजच्या, म्हणजे इंचाला २० सुया असलेल्या गोल मशीनवर सुमारे १,८८० सुया असतात. ३ मिलिमीटरचं लूप हवं असेल, तर मशीनच्या एका फेरीत सूत सोडणाऱ्या प्रत्येक फीडरमधून सुमारे ५.६ मीटर सूत जायला हवं. निटिंग मास्तरांसमोर मीटर लावून बघितलं: एका मशीनवर सूत जास्त जात होतं. त्यांनी तिथेच सेटिंग बदललं.

शेजारच्या मशीनवर लूपनिट चाललंय. त्याच्या आतल्या बाजूला फास राहतात. ते जाड आणि हिवाळ्याला चांगलं. त्यापलीकडे इंटरलॉक. सुयांच्या दोन संचांवर विणल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि कडा वळत नाहीत. सिंगल जर्सी एकाच संचावर होते. ती मोकळी पडते, पण तिच्या कडा वळतात आणि सुताचा पीळ तिला तिरकं ओढतो.

दुपारी १:००
जेवण. सांबार-भात, शेजारच्या टेबलावर चेकिंगच्या अक्का.

२:००
दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं काम आता. ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून कापड धुतलं, वाळवलं. पहिल्या लॉटचा चौकोन दोन्ही बाजूंनी ४७.५ झाला, म्हणजे ५ टक्के आटला. एवढ्याने २४०चं कापड सुमारे २६६ जीएसएम होतं. कापूस तेवढाच, जागा कमी. म्हणून धुण्याआधीचं आणि नंतरचं, अशी दोन्ही वजनं मी लिहून ठेवते.

दुसरा लॉट लांबीला ८ टक्के आटला. शिवाय त्यातून शिवलेल्या नमुन्याची बाजूची शिवण धुतल्यावर पोटाकडे सरकली. चौकोनी कापाच्या शर्टात ती शिवण सरळ आणि लांब असते, त्यामुळे तिरकेपणा लगेच डोळ्यात भरतो. तो लॉट मी थांबवला.

४:००
शिवणकामाची लाइन. जड कापडाचा भार गळ्याने पेलायचा असतो, म्हणून कॉलरला लायक्रा घातलेली १×१ रिब हवी. कॉलर ओढून सोडायची. ती लगेच मूळ मापावर यायला हवी. मागच्या गळ्याला आणि खांद्याला टेप लावलाय का, तेही बघते. मशीनवर बॉलपॉइंट सुई आहे ना, हे हात लावून तपासते. टोकदार सुई लूप कापते आणि ते भोक धुतल्यावरच दिसतं.

संध्याकाळी ६:३०
अहवाल: पहिला लॉट पास, दुसरा पुन्हा कॉम्पॅक्टिंगला, म्हणजे कापड आधीच आटवून घेणाऱ्या मशीनवर. काट्यावर दोन्ही २४०च होते.

हल्ली लेबलवर जीएसएमचा आकडा ठळक छापतात आणि तरुण मुलं तो वाचून पैसे मोजतात. आकडा जरूर वाचा. पण कापड दोन्ही हातांनी ताणून सोडा आणि ते परत जागेवर येतं का बघा. उजेडासमोर धरून वीण दाट आहे का पाहा. कॉलर ओढून बघा, बाजूची शिवण सरळ उतरते का तपासा. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात २४०चा शर्ट अंगावर नकोसा होतो. तिथे १८० ते २०० जीएसएमची घट्ट विणीची जर्सी घ्या. आणि दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: धुतल्यावर हा किती आटतो?